गालील समुद्राकाठचं जेवण: आईला ‘पेत्राचा मासा’ खाऊ घालू की डबा नेऊ?

नंदाखालची_लेक

नमस्कार. येत्या उपवासकाळात आई आणि मी पवित्र भूमीच्या, म्हणजे इस्रायलच्या, यात्रेला निघतोय. आमच्या धर्मग्रामातली चाळीसेक माणसं आहेत, सोबत फादर आहेत. आई 74 वर्षांची. बाबा गेल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आता एकच म्हणाली, “प्रभूचा शिष्य पेत्र जिथे जाळं टाकायचा तो समुद्र मला बघायचाय.”

गालीलचा दिवस शुक्रवारी आहे. कार्यक्रमात दुपारी ‘तळ्याकाठी सेंट पीटर्स फिश, ऐच्छिक, खर्च वेगळा’ असं लिहिलंय. जाऊन आलेल्या एका नातेवाइकांनी सांगितलं की मासा मातकट लागतो, आपल्या पापलेटापुढे काहीच नाही, उगाच डॉलर घालवू नका. आईला कवळी आहे, काट्यांची भीती वाटते. मधुमेहही आहे, जेवायला उशीर झालेला चालत नाही. मी विचार करतेय की सुकटीची चटणी बांधून घ्यावी आणि हॉटेलातल्या नाश्त्याचे पाव सोबत ठेवावेत. पण मग आईचं काहीतरी हुकेल असंही वाटतं. कोणी जाऊन आलं असेल तर मनापासून सांगा.

भिगवणचा_मास्तर

ताई, चटणी जरूर न्या, पण त्या दुपारी ती पिशवीतच राहू द्या. आईंना मासा खाऊ घाला.

मी आणि माझी मंडळी 2018 साली पुण्याच्या एका गटाबरोबर गेलो होतो. आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. घरात आठवड्यातून दोनदा चिलापी (तिलापिया मासा) शिजते, आणि ती साफ करण्यात हिचा जन्म गेलाय. सकाळी होडीतून फिरलो. होडीवाल्याने आपला तिरंगा चढवला, राष्ट्रगीत लावलं, सगळे उभे राहिलो. मग काठावरच्या हॉटेलात बसलो आणि ताटं आली. अख्खा मासा, डोक्यासकट, दोन्ही अंगांना चिरा देऊन कडक तळलेला. शेजारी लिंबाची फोड आणि बटाट्याचे काप. हिने ताट जवळ ओढलं, बघितलं आणि म्हणाली, “अहो, ही तर आपली चिलापी!”

खरंच, त्याच कुळातली. तिथले अरब कोळी तिला ‘मुश्त’ म्हणतात, म्हणजे फणी. गाइडने हे सांगितल्यावर हिने बोटाने पाठीवरचे उभे काटे विंचरल्यासारखे मोजून दाखवले. ही मासळी अंडी तोंडात धरते, पिलंही घाबरली की तोंडात शिरतात. आमच्याकडचे कोळी जाळ्यातली चिलापी उचलतात तेव्हा तिच्या तोंडातून पिलं सांडताना मी लहानपणापासून पाहतोय. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात पेत्राला माशाच्या तोंडात मंदिराच्या पट्टीचं नाणं सापडतं, त्या गोष्टीवरून मुश्तला पेत्राचा मासा म्हणू लागले. बायबलात माशाचं नाव दिलेलं नाही. तिथे पेत्र गळ टाकतो, आणि मुश्त पाण्यातलं बारीक शेवाळ-किडे खाऊन जगते, सहसा गळाला लागत नाही. म्हणून तो मासा दुसराच असावा असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला त्याने फरक पडला नाही. त्याच पाण्यावर ज्यांची चूल पेटत होती त्यांचं हे रोजचं अन्न होतं, एवढं पुरे होतं.

आता चवीचं. तुमचे नातेवाईक खोटं बोलत नाहीत. हॉटेलात येणारा मासा बहुतेक शेततळ्यांतला असतो, आणि गोड्या पाण्याची चव खाडीकाठच्या माणसाला पटकन आवडत नाही. मसाला नसतोच, मीठ आणि लिंबू. चिलापीच्या पोटात काळा पापुद्रा असतो. आम्ही तो खरवडून काढतो, तिथे कधी राहून जातो आणि कडवटपणा त्याचाच लागतो. आईंना पोटाकडचा भाग बाजूला सारून पाठीचं मांस द्या. लिंबू जास्तीचं मागा, कोणी नाही म्हणत नाही. काट्यांचं म्हणाल तर रोहूसारखा बारीक दुहेरी काटा यात नाही. मधला कणा धरून उचलला की बरगड्यांसकट सगळं निघून येतं. तरी भीती वाटली तर काटे काढलेला तुकडा मिळतो, पण तो ऑर्डर देतानाच सांगावा लागतो.

आमची एक चूक झाली ती तुमची होऊ नये. पत्रकात ‘दुपारचं जेवण’ एवढंच छापलं होतं, आम्ही ते पैशात धरलेलं समजलो. त्या सकाळी बसमध्ये माणशी डॉलर गोळा करायला सुरुवात झाली. एका वयस्कर जोडप्याजवळ सुटे पैसे नव्हते. ते काही न बोलता बाहेर बाकावर बसून राहिले. आम्हाला कळलं तेव्हा आमची ताटं अर्धी झाली होती. ते मला अजून लागतं. तुमच्या आयोजकाकडून आताच लिहून घ्या: जेवण किती, पाणी आणि कॉफी त्यात आहे का, आणि ज्याला मासा नको त्याला काय मिळेल.

आणखी एक. जेवणाआधी तुम्हाला ताबघाला नेतील. प्रभूने पाच भाकरी आणि दोन माशांत हजारोंना जेवू घातलं, त्या चमत्काराच्या चर्चमध्ये वेदीसमोर जमिनीवर पाचव्या शतकातलं चित्र आहे, रंगीत खड्यांचं. दोन मासे आणि मधे भाकरींची टोपली. टोपलीत चारच भाकरी दिसतात, पाचवी वेदीवर असते असं सांगतात. तिथून थोडं चालून पेत्राच्या प्रमुखपदाचं छोटं चर्च आहे, अगदी पाण्याला लागून. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायातली पहाट इथली मानतात. रात्रभर काही मिळालेलं नाही, मग 153 मासे, आणि काठावर प्रभूने आधीच पेटवलेले निखारे, त्यावर मासा आणि भाकर. “या, न्याहारी करा.” आमच्या पाळकांनी एवढंच वाचलं आणि गप्प उभे राहिले. हिने चप्पल काढून पाण्यात पाय घातले. तासाभराने ताटातला मासा समोर आला तेव्हा ही लिंबू पिळायच्या आधी हात जोडून बराच वेळ बसली होती. फादरना सांगून हा अध्याय तिथेच वाचून घ्या, बसमध्ये नको.

अश्दोदची_मावशी

बाळा, मी अलिबागकडची बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू, लग्नानंतर इथे इस्रायलला आले त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. मास्तरांनी माशाचं छान सांगितलंय, मी बाकीचं सांगते.

तुमचा दिवस शुक्रवार आहे हे लक्षात ठेवा. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागतो. दुपारच्या जेवणाला अडचण नाही, पण संध्याकाळी तळ्याकाठच्या तिबिर्या शहरातल्या हॉटेलात उशिरा काही मागवता येईल असं धरू नका. आईच्या औषधाबरोबरचं खाणं आधीच घेऊन ठेवा. शनिवारी सकाळी मशीनची कॉफी बहुधा मिळणार नाही. एक लिफ्ट शब्बाथची असते, ती आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबते. ती बिघडलेली नसते, आईला सांगून ठेव, नाहीतर घाबरेल.

दुसरं, कोशेर हॉटेलात, म्हणजे ज्यूंचे आहारनियम पाळणाऱ्या, मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मटण-चिकन असलं की त्या जेवणानंतर दुधाचा चहा देत नाहीत. लोक वेटरवर चिडतात, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. काळा चहा पुदिना घालून मागा. माशाबरोबर आधी छोट्या बशा येतात: हुमूस (चण्याची चटणी), ताहिनी (तिळाची), कोबी, वांगं, पिता पाव. मधुमेहवाल्या माणसाने बटाट्याचे काप सोडून त्यातलंच खावं, पोट भरतं.

आणि समुद्र म्हणतात तरी पाणी गोडं आहे बरं. साधारण 21 किलोमीटर लांब, 13 किलोमीटर रुंद, आणि खऱ्या समुद्राच्या पातळीपेक्षा दोनशेहून जास्त मीटर खाली. दुपारनंतर वारा उठतो तेव्हा मात्र लाटा खऱ्याच असतात. होडी सकाळची घ्या.

सिस्टर_मीरारोड

फक्त आईसाठी लिहिते. अशा गटांत जेवण दोन-अडीचपर्यंत लांबतं, कारण हॉटेलात एकाच वेळी चार बस रिकाम्या होतात. साडेअकरा-बाराला शेंगदाणे किंवा अर्धा पाव खाऊ द्या. गोळी जेवण समोर आल्यावरच, बसमध्ये नको. हॉटेलात शिरल्या शिरल्या फादरना सांगून वयस्कर माणसांची ताटं आधी मागवा.

नंदाखालची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, आयोजकांना आजच मेसेज केला. जेवणात पाणी धरलेलं आहे, कॉफी नाही. गटातल्या दोन आजींचे पैसे आम्ही चौघी मिळून आधीच भरतोय, कोणाला बाहेर बसायला लागू नये म्हणून. 21वा अध्याय काठावर वाचायला फादर लगेच हो म्हणाले.

संध्याकाळी तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तिने काट्यांचं काही विचारलं नाही. “डोकं खरंच ताटात देतात ना?” एवढंच विचारलं. बाबा नेहमी डोकं तिच्या ताटात वाढायचे.

भिगवणचा_मास्तर

देतात, ताई. आईंना सांगा, गालाजवळचं मांस सगळ्यात गोड असतं.