काउंट ऑफ माँटे क्रिस्टो: मर्सिडीसलाच एवढी शिक्षा का?

पावसाळी_वाचक:
अखेर अलेक्झांडर ड्यूमाची ही पूर्ण कादंबरी संपवली, संक्षिप्त नाही, ते हजारावर पानांचं जाडजूड प्रकरण, आणि शेवट वाचून डोकंच फिरलं. आधी २००२ चा इंग्रजी सिनेमा बघितलेला, त्यात मर्सिडीसचा मुलगा अल्बर्ट हा नायक एडमंडचाच निघतो आणि शेवटी एडमंड आणि मर्सिडीस एकत्र येतात, त्यामुळे मी आपली आता भेटतील मग भेटतील करत पानं उलटतेय. आणि हा बाबा तिला मार्सेलला आपल्या बापाच्या जुन्या घरात सोडून हायदीबरोबर, म्हणजे विकत घेऊन सांभाळलेल्या त्या मुलीबरोबर, जहाजातून चालता झाला! मर्सिडीसशी साखरपुड्याच्या जेवणावरून उचलून नेलं याला, चौदा वर्षं शातो दीफ या बेटावरच्या तुरुंगाच्या कोठडीत गेली, मान्य. पण त्यात तिचा काय दोष? याला अडकवणाऱ्यांपैकी एकाशी, फर्नांडशी, लग्न केलं एवढाच ना? कुणाला हा शेवट पटलाय का, आणि पटला असेल तर कसा, जरा समजावून सांगा.

सांजवात:
दोष काहीच नाही. दीड वर्ष वाट बघितली तिने, तीही तो जिवंत आहे की मेला याचा पत्ता नसताना. सासरा व्हायचा होता त्या म्हाताऱ्याला आपल्या घरी चला म्हणून विनवत होती, पण पोरगा परत आला तर घर बंद दिसायला नको म्हणून तो हलला नाही आणि उपाशी राहून गेला. फर्नांडनेच घात केलाय हे तिला लग्नाच्या वेळी ठाऊकच नव्हतं. सतरा-अठरा वर्षांची अनाथ पोर, आणि आपण आज सोफ्यावर बसून तिला बेवफा ठरवणार, वा!

जुनं_ते_सोनं:
शेवट मला पटतो, आणि त्याचं कारण शेवटात नाही, एडमंड, म्हणजे आताचा काउंट, आणि अल्बर्ट यांच्या द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्रीत आहे. त्याच्या आधीचा तो मेजवानीचा प्रसंग आठवा, मर्सिडीस स्वतःच्या हाताने द्राक्षांचा घोस तोडून देते, हा नको म्हणतो. मग पीच देते, तेही नको. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्यावर उलटता येत नाही, म्हणून हा त्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही आणि ते फक्त तिच्या लक्षात येतं. आख्ख्या पॅरिसमध्ये याला ओळखणारी ती एकटी, तेसुद्धा आवाजावरून.

मग ती रात्री येते आणि काउंट वगैरे काही नाही, थेट एडमंड म्हणून हाक मारते, माझ्या पोराला मारू नकोस म्हणते. हा तिला ज्यामुळे पकडला गेला ती खोटी तक्रारीची चिठ्ठी दाखवतो. आणि इतक्या वर्षांचा बेत तिथल्या तिथे गळून पडतो, बरं म्हणतो, तुझा मुलगा जगेल, मी मरेन. ती आभार मानून निघून जाते. इथे ड्यूमाने कमाल केलीये, ती गेल्यावर हा चिडतो, सूड घ्यायचं ठरवलं त्याच दिवशी काळीज उपटून का नाही टाकलं म्हणतो. म्हणजे प्रेम गेलेलं नाही, प्रेम आहे म्हणूनच त्रास आहे. पण ज्या बाईच्या नवऱ्याला आपण संपवायला निघालोय तिच्याबरोबर संसार कसा मांडणार? सकाळी अल्बर्ट सगळ्यांसमोर माफी मागतो कारण रात्रीतून आईने बापाचं सगळं कृत्य त्याला सांगितलेलं असतं. विचार करा, पोटच्या पोराला तुझा बाप असा आहे म्हणून सांगायचं. सगळ्यात मोठी किंमत तिने मोजली आणि ती सूड घेणाऱ्यांच्या यादीत कुठेच नाही.

सांजवात:
+१. आणि घरातून निघताना दागिने, पैसा सगळं तिथेच टाकून मायलेक बाहेर पडतात. घेते ती फक्त ते तीन हजार फ्रँक, एडमंडने लग्नासाठी साठवून बापाच्या बागेत अंजिराच्या झाडाखाली पुरलेले. त्याला नंतर सापडलेल्या खजिन्यातला एक पैसा नाही, स्वतःच्या कमाईचे. मी तिथे रडले होते.

खडूस_वाचक:
मर्सिडीसचं सगळं ठीक आहे पण हायदीचं मला अजिबात झेपत नाही. बाजारातून विकत घेतलेली मुलगी, बापासारखा सांभाळ, आणि शेवटी प्रेयसी? त्या काळाच्या मानाने चालायचं असं म्हणून सोडून द्यायचं का? तिचा स्वतःचा सूड मात्र जबरदस्त आहे, हिच्या बापाला, यानिनाच्या अली पाशाला, फर्नांडने दगा दिला आणि हिला आईसकट विकलं, ते ती सरदारांच्या सभेत उभी राहून सांगते. खरं तर फर्नांडला काउंटने नाही, तिनेच पाडला. तिचं प्रकरण तेवढ्यावर थांबवलं असतं तर मी ड्यूमाला दंडवत घातला असता.

मांडवीकाठ:
थोडं अवांतर. कोठडीत एडमंडला शहाणं करणारा तो फरिया, त्याचं नाव आमच्या गोव्याचं बरं का. खरा आबे फरिया कांदोळीचा, जन्म १७५६, पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचा, १८१९ ला तिथेच वारला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे, समोर बाई मागे कललेली आणि हा हात पसरून उभा. ड्यूमाने त्याला इटालियन करून टाकला आणि गुप्त खजिना दिला, आमच्या वाट्याला पुतळा आला.

पावसाळी_वाचक:
द्राक्षांचं वाचताना मला फक्त त्याचा तुसडेपणा वाटलेला, आता परत काढून बघते. पण मग एक सांगा, डांग्लारला का सोडलं? चिठ्ठी लिहिणारा तोच ना, सगळ्याचं मूळ. फर्नांडने स्वतःला गोळी घातली, याला कोठडीत टाकणारा सरकारी वकील विलफोर्ट वेडा झाला, आणि मुख्य आरोपीला माफी?

जुनं_ते_सोनं:
कारण मधे विलफोर्टचा लहान मुलगा विषाने मेला. ते प्रेत बघून काउंट हादरतो, इतकं काही करायचं नव्हतं आपल्याला असं त्याला वाटतं, मग परत शातो दीफला जाऊन ती कोठडी बघून येतो. तरीही नंतरचा हात आधीसारखा चालत नाही. म्हणून डांग्लारला दरोडेखोरांकडून पकडून फक्त उपाशी ठेवलं, एका कोंबडीला एक लाख फ्रँक, पन्नास लाख उकळले, केस पांढरे झाले आणि पन्नास हजार हातात देऊन सोडला.

खडूस_वाचक:
बँकवाल्याला जेवणाचं बिल लावून लुटणं हा पुस्तकातला सगळ्यात भारी सूड आहे माझ्या मते. तरी स्वस्तात सुटला मेला.