पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क : गरज की नुसती हौस?

तिसरा_गिअर
धागा थोडं भांडायलाच काढतोय. इंजिन, सायलेन्सरचा आवाज, स्पॉयलर यांवर पैसे उधळणाऱ्यांनी आधी पुढच्या ब्रेककडे बघावं, असं माझं मत आहे. माझी हॅचबॅक सेकंड हँड घेतलेली. पुढे २५६ मिमीच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी दाबून ब्रेक लागतो), मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा, आतून शू दाबून ब्रेक लागतो), चाकं १४ इंची. त्याच मॉडेलमध्ये मोठं इंजिन असलेल्या गाडीला कंपनी २८० मिमीच्या डिस्क देते. म्हणजे जागा आहे, पार्ट आहेत, कंपनीनेच तपासलेले आहेत. छोट्या इंजिनवाल्यांना लहान डिस्क दिली ती निव्वळ पैसे वाचवायला. गाडी भरलेली असताना लांबलचक घाट उतरलो की शेवटच्या वळणांवर पेडल मऊ लागतं, खोल जातं. यावर मोठी डिस्क हाच सरळ उपाय. कोणाला खोडायचं असेल तर खोडा.

ओला_रस्ता
खोडतो. डिस्क चाक थांबवते, गाडी थांबवतो तो टायर. मोकळा, सुरक्षित रस्ता बघून ऐंशीच्या वेगात पेडल पूर्ण दाबा. एबीएस (चाक घसरू न देणारी यंत्रणा) थडथडायला लागलं, तर तुमचे ब्रेक आत्ताच टायरच्या पकडीपेक्षा ताकदवान आहेत. मग डिस्क २८० ची लावा नाहीतर परातीएवढी, अंतर वीतभरही कमी व्हायचं नाही. तेच पैसे चार चांगल्या टायरमध्ये घाला, पावसात आशीर्वाद द्याल.

पाना_बारा
एका ब्रेकपुरतं मान्य. पण अंतर कमी करायचंय असं धागाकर्ता म्हणालाच कुठे? तक्रार उष्णतेची आहे. १२०० किलोची गाडी १०० किमीच्या वेगावरून थांबवली की साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कचा धरू. एक डिस्क ५ किलोची असेल तर एका ब्रेकला ती जवळजवळ ७० अंशांनी तापते. ७ किलोची असेल तर ५० अंशांनी. मधे गार व्हायला वेळ न देता हेच पाचसहा वेळा करा आणि फरक बघा. डिस्कला दाबणाऱ्या साध्या ऑरगॅनिक पॅडची पकड ३००-४०० अंशांच्या घरात ढिली पडायला लागते. लहान डिस्क तिथे लवकर पोचते, मोठी उशिरा. इतकं साधं आहे.

उतारावर_दुसरा
पाना, हिशोब बरोबर आहे, पण तो सपाट रस्त्यावरच्या ब्रेकचा आहे आणि तक्रार घाटातली. घाटाचा मांडू. माणसं-सामानासकट गाडी १५०० किलो, उतार ६०० मीटर उंचीचा. खाली येईपर्यंत जवळजवळ ८८०० किलोज्यूल सुटतात. म्हणजे तीच भरलेली गाडी शंभरच्या वेगावरून लागोपाठ पंधरा वेळा थांबवल्यासारखं! थोडा भार वारा आणि टायर उचलतात, पण बाकी सगळं ब्रेकच्या गळ्यात घातलं तर डिस्कचं २ किलो जास्तीचं बीड (ओतीव लोखंड) किती पुरणार? फार तर चार वळणं. तिथे वजनापेक्षा डिस्क किती वेगाने गार होते याला महत्त्व, आणि त्याहून महत्त्व गिअरला. ज्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं त्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, वळणाआधी एकदाच दणकून लावा आणि सोडा.

आणि एक विचारतो. पेडल मऊ पडतं की कडक राहून गाडी थांबत नाही? दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

तिसरा_गिअर
मऊ. स्पंजसारखं. खाली उतरून अर्धा तास थांबलो की पुन्हा ठीक. गिअर मी खालचाच ठेवतो हो, एवढं कळतं.

उतारावर_दुसरा
मग पॅडवर आळ घेऊ नका. पॅड तापून हरले तर पेडल कडकच राहतं, पण गाडी रेटत राहते. स्पंज म्हणजे कॅलिपरमध्ये (ऑइलच्या दाबाने पिस्टन ढकलून पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेक ऑइल उकळून वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत तरी उकळू नये असं मानक आहे, पण पाणी शोषलेल्या त्याच ऑइलसाठी मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ असेल तर २०५ आणि १४०. हे ऑइल हवेतला दमटपणा पीत राहतं, बाटली उघडी ठेवली तरी. शेवटचं कधी बदललं?

तिसरा_गिअर
आधीच्या मालकाने बदललं असलं तर बदललं. नोंद नाही.

ओला_रस्ता
घ्या! धागा संपला. ब्रेक ऑइल बदला आणि घरी जा.

पाना_बारा
संपला कसा? ऑइल उकळलं ते उष्णता तिथवर पोचली म्हणूनच ना? डिस्क कमी तापली तर पॅडमागचा पिस्टन कमी तापतो आणि ऑइलही. ऑइल बदलावंच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण "आधी पॅड बदला" हा सल्ला जो सगळीकडे दिला जातो त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. जास्त तापमानाचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. सकाळी घराबाहेर पडल्यावर पहिल्याच चौकात पोटात गोळा येतो. शिवाय ते डिस्क खातात आणि किंचाळतात. मोठी डिस्क लावून साधेच पॅड ठेवले तर यातलं काहीच होत नाही.

काळे_हात
ब्रेकचीच कामं करतो, म्हणून कागदावर न दिसणारं सांगतो. नुसती डिस्क बदलून भागत नाही. डिस्क मोठी झाली की कॅलिपर बाहेर सरकवायला हवा, म्हणजे त्याला धरणारा कॅरिअर वेगळा. कधी कॅलिपर वेगळा, कधी चाकाचा हब आणि कॅलिपर ज्यावर बसतात तो अख्खा नकलच (knuckle). मोठ्या पिस्टनचा कॅलिपर घेतला आणि पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर त्याला जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडल आणखी खोल जातं. म्हणजे ज्या तक्रारीसाठी आलात तीच घरी घेऊन जायची.

चाकाचंही बघा. १४ इंची रिममध्ये २८० मिमीची डिस्क कॅलिपरसकट बहुधा मावत नाही. १५ इंची रिममध्ये डिस्क मावते, तर कॅलिपरची पाठ स्पोकला घासते. आम्ही कॅलिपरवर ओल्या मातीचे गोळे चिकटवतो, चाक लावून हाताने सावकाश एक फेरा देतो, चाक उतरवून उरलेल्या मातीची जाडी मोजतो. कुठेही तीन मिलिमीटरच्या खाली आली तर ते चाक नको. आणि स्टेपनी! ती १४ चीच राहते, हे सगळे विसरतात. पुढचं टायर पंक्चर झालं की ती हबवर बसतच नाही. आधी मागचं चाक पुढे, मग स्टेपनी मागे, तेही रात्री भर पावसात.

ओला_रस्ता
+१. शिवाय तोलाचं काय? पेडलवर तेवढाच जोर असताना २८० च्या डिस्कवर पुढचा ब्रेक दहा-अकरा टक्के जास्त लागणार, मागचे ड्रम तेवढेच. पुढची चाकं आधी घसरणार, मागची निवांत. ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर उलट वाढेल. कंपनीने हा तोल चाचण्या करून ठरवलेला असतो. मोठ्या इंजिनाची गाडी पुढून जड असते, म्हणून तिला तो चालतो.

पाना_बारा
एबीएस असलेल्या गाडीत असं होत नाही. एबीएस पुढच्या चाकांचा दाब रोखून धरतं, तुम्ही पेडल आणखी दाबलं की मागचा दाब वाढत जातो. मागची चाकंही कामाला लागतात.

ओला_रस्ता
आणखी दाबलं तर! पाय थडथडल्यावर किती जण आणखी दाबतात? बहुतेक जण घाबरून पाय उचलतात.

पाना_बारा
तो दोष पायाचा, डिस्कचा नव्हे. (हलकेच घ्या.) आणि एक राहिलंच. जाड टायर टाकून चाकाचा व्यास वाढवला तर तेवढ्या प्रमाणात ब्रेकचा जोर कमी होतो. तशी गाडी असेल तर मोठी डिस्क ही हौस नाही, हिशोब जुळवणं आहे. इंजिन वाढवलेल्यांचंही तेच.

तिसरा_गिअर
टायर मूळ मापाचेच आहेत. बरं, ऑइल बदलतो. पण पटलंय असं समजू नका. मोठ्या इंजिनवाल्याला कंपनी जे देते ते मला का नको, याचं उत्तर अजून मिळालं नाही. वजनातला फरक मोजून चाळीस किलो!

काळे_हात
वजन चाळीस किलो जास्त, पण वेगही जास्त. ऊर्जेच्या हिशोबात वेगाचा वर्ग होतो हे विसरू नका. ते राहू दे. हँडब्रेक किती खटक्यांवर धरतो?

तिसरा_गिअर
नऊ-दहा. त्याचा काय संबंध?

काळे_हात
फार झाले. केबल ताणलेली असेल, नाहीतर ड्रममधला आपोआप जुळवणारा स्क्रू गंजून अडकलाय. तसं असेल तर मागचे शू ड्रमपासून लांब राहतात, पेडल खोल जातं आणि मागचे ब्रेक उशिरा धरतात. पुढच्या डिस्क त्यांचंही काम करत बसल्या असतील. ऑइल बदलाल त्याच दिवशी मागचे ड्रम उघडा.

पाना_बारा
उघडा, जरूर उघडा. आणि ड्रम उघडलेले असतानाच १५ इंची रिम बघून ठेवा.