मदत हवी आहे: चार रंगी ऑफसेटची सर्व्हिसिंग आणि तारेने बांधलेले गार्ड

काळी_शाई:
नमस्कार मंडळी. सांगलीकडच्या एका प्रेसमध्ये मेंटेनन्सला लागून दोन महिने झाले. आधी साखर कारखान्यात होतो, त्यामुळे मोटर-गिअर कळतात, छपाई नवी. मशीन सेकंडहँड, शीटफेड (सुटे कागद घेणारं). दिवाळी अंकांची कामं यायच्या आत शाईचे रोलर आणि ब्लँकेट (सिलिंडरवरचं रबरी आवरण) बदलायचे आहेत.

अडचण अशी की दोन आणि तीन नंबर युनिटच्या गार्डचे लिमिट स्विच (गार्ड उघडलं की मशीन थांबवणारे) तारेने दाबून बांधलेत. गार्ड उघडं, मशीन हळू फिरतंय आणि मशीनमन वेस्टने (सुताच्या चिंध्यांनी) ब्लँकेट पुसतायत. मी बोललो तर म्हणाले, "तीस वर्षं झाली, दहाची दहा बोटं आहेत." आहेत खरी. पण मागच्या महिन्यात हेल्परच्या हातातलं वेस्ट सिलिंडरमध्ये ओढलं गेलं. त्याने पटकन सोडलं म्हणून वाचला. मालक म्हणतात, इमर्जन्सी बटण दाबा आणि काम करा. तेवढं पुरतं का? मेन स्विच जुना आहे, कुलूप लावायला जागाच नाही.

पाना_नं_१३:
नाही पुरत. ते बटण बहुतेक मशीनवर फक्त कंट्रोल तोडतं, पॅनेलमध्ये पुरवठा जिवंतच असतो. तुम्ही युनिटमध्ये वाकलेले, आणि डिलिव्हरीकडून (छापलेला कागद बाहेर पडतो त्या टोकाकडून) कुणीतरी "हे कुणी दाबलं?" म्हणत बटण सोडवलं तर? तिकडून तुम्ही दिसतही नाही.

रोलर काढताना मेन बंदच हवा. कुलूप लागणारा आयसोलेटर (पुरवठा पूर्ण तोडणारा मेन स्विच) बसवून घ्या. तोवर वायरमनकडून पॅनेलचे फ्यूज काढून घ्या आणि स्वतःच्या खिशात ठेवा. दोघं काम करत असाल तर कुलपं दोन, किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे. मग स्टार्ट दाबून बघा, काही हलता कामा नये. ड्राइव्हमधले (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीतले) कपॅसिटर मेन बंद केल्यावरही भरलेले असतात. किती मिनिटं थांबायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं, तरी मीटर लावूनच हात घाला. हवेची लाइनही रिकामी करा. बऱ्याच मशीनला सिलिंडर आत-बाहेर घेणं हवेवर चालतं, वीज नसतानाही दणका बसतो.

खिळेजुळारी:
मशीनमनशी वाद घालण्याआधी स्विच का बांधला ते शोधा. गार्ड उघडल्यावर इंचिंग (बटण दाबून मशीन थोडं थोडं फिरवणं) चालायलाच हवं, मशीन तसंच बनवलेलं असतं. ते चालत नसेल तर माणूस तार बांधणारच, अंक निघायचाय ना! आमच्याकडे इंचिंगच्या बटणातच शाई आणि कागदाची धूळ जाऊन बसली होती.

पुसायची रीत एकच: मशीन थांबवा, दिसतो तेवढा भाग पुसा, हात बाहेर, मग इंच. बटण पुसणाऱ्याच्याच हातात. वेस्टची लोंबती टोकं नकोत, घडी करून धरा. अंगठी, हातातला दोरा, लांब बाही, सगळं बाहेर. आणि ब्लँकेट पेट्रोलने धूत असाल तर आजच बंद करा. शाईचं वेस्टही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

मालकांना कायद्याचीच भाषा कळत असेल तर सांगा, चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याने घट्ट कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २२ मध्येच लिहिलं होतं. आमच्या मालकांनी तो भाग कधी वाचून दाखवला नाही.

काळी_शाई:
खिळेजुळारी, अगदी तेच निघालं! तीन नंबरचं बटण उघडलं तर आत काळा लगदा. साफ केल्यावर गार्ड उघडूनही इंचिंग झालं, तार मशीनमननेच कापली. दोन नंबरचा मात्र स्विचच तुटलाय. तोवर तिथलं ब्लँकेट मेन बंद करून पुसतोय, हाताने चाक फिरवून. वेळ दुप्पट जातो, शिव्या मला. जुन्या शीटफेडचे लिमिट स्विच पुणे-कोल्हापूरकडे कुठल्या बाजारात मिळतील?