जुनी मोटरहोम घ्यावी का? सांगली पासिंगची गाडी बघितली आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहतो. आईचे गुडघे गेलेत, बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. दर तासाला थांबावं लागतं आणि वाटेवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. दोघांनी प्रवासच सोडून दिलाय, त्याचं फार वाईट वाटतं. त्यांना कोकणात आणि पुढे गोकर्णापर्यंत निवांत फिरवायचं आहे. नवी मोटरहोम परवडणारी नाही.

एक जुनी सापडली आहे. २०१२ची टेम्पो ट्रॅव्हलर, डिझेल. मालकाने आत दोन बेड, ओटा, संडास-बाथरूम आणि १०० लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली आहे. इंजिन पटकन सुरू झालं. पण आरसीवर अजून 'ओम्नी बस, खासगी वापर' आणि १३ सीटा अशीच नोंद आहे. दुसरं म्हणजे आतून सगळीकडे नवा सनमायका मारलाय आणि बाथरूमच्या दाराशी पाय दिला की फळी दबते. मालक म्हणतात, फळीचं काम किरकोळ आहे आणि आरसी कोण बघतंय.

यातलं नंतर दुरुस्त होण्यासारखं काय, आणि कशासाठी गाडी सोडूनच द्यावी?

प्रतिसाद : उद्यमनगरकर

दादा, इंजिनची काळजी शेवटी करा. ट्रॅव्हलरचं जुनं इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं, ते खोलणारे मिस्त्री उद्यमनगरात भेटतात आणि पार्टही मिळतात. फक्त मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका, गार इंजिन कसं सुरू होतं तेच बघायचं आहे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तेवढा खर्च किमतीतून वजा करा.

खरी भीती त्या फळीची आहे. दबते म्हणजे प्लाय कुजलाय, आणि पाणी नळातून आलंय की छतातून हे कळल्याशिवाय नवी फळी टाकून उपयोग नाही. सोलर किंवा छताची झडप बसवली असेल तर तिथलं सीलंट उन्हाने तडकतं, पाणी आत शिरतं आणि भिंतीच्या आतून खाली उतरतं. नव्या सनमायक्यामागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून खिडक्यांच्या कडा आणि वरचे कोपरे अंगठ्याने दाबून बघा. गाडीखाली जाऊन फ्रेमवर हातोडी वाजवा. आवाज बद्द आला, गंजाचे पापुद्रे पडले तर गाडी सोडा. आपल्याकडच्या पावसात ती टिकणार नाही.

टायरवर शेवटचे चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८चा २३वा आठवडा. मोटरहोम उभीच जास्त राहते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. त्या टायरवर कोकणात जाणारा करूळ घाट उतरू नका.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

गाडी सांगलीची आहे म्हणून सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये ती कुठे उभी होती, हे स्पष्ट विचारा. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि फ्यूजबॉक्सच्या सांदीतली माती बघा. बुडालेल्या गाडीचं वायरिंग वर्षभराने त्रास द्यायला लागतं, आणि तुमच्या गाडीत गॅस, बॅटरी, इन्व्हर्टर सगळं एकाच खोलीत असणार.

प्रतिसाद : काटा-पावती

आरसी कोण बघतंय, याचं उत्तर म्हणजे विमा कंपनी. अपघात झाला की पहिली तीच बघते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या रचनेत असा बदल केला तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसेल तर दावा अडकतो, आणि आत तुमचे आईवडील असणार आहेत. ही नोंद मालकांनीच करून द्यावी, त्याआधी टोकनसुद्धा देऊ नका.

खासगी नोंदणीची १५ वर्षं २०२७ मध्ये संपतात. पुढे तपासणी, दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर, हा खर्च किमतीत धरा. टाकी भरून, सगळे बसून गाडी वजनकाट्यावर न्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. नुसत्या पाण्याचेच १०० किलो होतात. सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत जाळी हवीच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साठतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांना फोन केला. काट्यावर न्यायला तयार आहेत, आरसीचं मात्र तुम्हीच बघा म्हणतात. म्हणून टोकन थांबवलं आहे. बदल केलेली ट्रॅव्हलर कोल्हापूर किंवा सांगली आरटीओत 'कॅम्पर व्हॅन' म्हणून नोंदवून घेतलेलं कोणी इथे आहे का? कोणते कागद लागले आणि गाडी कोणत्या अवस्थेत दाखवावी लागली, तेवढं सांगा.