एका फोनवरही भागतं

प्रत्येक मुलाच्या हातात टॅब नसेल तर वर्गातलं तंत्रज्ञान म्हणजे नुसता देखावा, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. देखावा होतो खरा, पण मुलं नुसती बघत बसतात म्हणून. प्लिकर्स या वर्गातली उत्तरं गोळा करणाऱ्या ॲपसारखी सोय पाहा: मुलांकडे फक्त छापील कार्ड. कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर ठरतं आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं नोंदली जातात. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. (कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका. उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही, मी सगळा गठ्ठा पुन्हा छापलाय.)

मी ०.५ मोठा की ०.३५, असं विचारलं. एरवी हुशार मुलाकडे बघून हात वर होतात. कार्डांवर मात्र जवळपास अर्ध्या वर्गाने ०.३५ निवडलं, कारण ३५ हा ५ पेक्षा मोठा! लगेच उत्तर सांगितलं नाही, शेजाऱ्याला पटवून द्या म्हटलं आणि पुन्हा मत घेतलं. ही रीत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांची, १९९० च्या दशकातली. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असली की चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर सरळ पुन्हा शिकवावं, कारण पटवून देणारंच कुणी नसतं.