काजूच्या पाकिटावर 'वेंगुर्ला' लिहायचं की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ मी आणि माझी जाऊ मिळून घरगुती काजू युनिट चालवतो, बी वाफवायची, फोडायची, साल काढायची, सगळं पडवीतच. एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) रजिस्ट्रेशन आहे, १४ आकडी नंबर, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, पत्ता सगळं छापलंय. अडलंय एका शब्दावर.

आमची गावठी आणि वेंगुर्ला ७ या जातीची बी जूनपर्यंत संपते, मग व्यापाऱ्याकडून पोती घेतो, त्यांच्यावर बेनिन नाहीतर आयव्हरी कोस्ट छापलेलं, दिवाळीनंतर टांझानिया. गर भाजून मीठ लावलं की आम्हालाच फरक कळत नाही.

पाऊचवर मोठ्या अक्षरात 'वेंगुर्ला काजू' आहे आणि २ हजार पाऊच शिल्लक आहेत. परवा पुण्याच्या एका गिऱ्हाईक ताईंनी फोनवर सरळच विचारलं, बी तिकडचीच ना? मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून चैन नाही. बाहेरची बी इथे फोडली तर मूळ देश कुठला लिहायचा? आजूबाजूचे तर सगळे बिनधास्त 'वेंगुर्ला' लिहितात.

प्रतिसाद १: ताई, देश आणि गावाचं नाव यात गल्लत करू नका. आयात केलेल्या पदार्थाचं स्वरूपच बदलेल असं प्रोसेसिंग दुसऱ्या देशात झालं तर तोच देश मूळ धरायचा, असा लेबलचा नियम आहे. फोडणं-भाजणं त्यात बसतं का ते अन्न व औषध प्रशासनाला लेखीच विचारा, तोंडी उत्तर कामाचं नाही. पण 'वेंगुर्ला काजू' हे जीआय नाव आहे, म्हणजे भौगोलिक मानांकन, त्या भागातल्याच मालाला लावायचं नाव. १९९९ च्या कायद्यात खोटं जीआय नाव लावल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. शेजारी लिहितात हे तिथे सांगून भागणार नाही.

प्रतिसाद २: शिवाय स्वतःच्या बीलाही ते नाव लावायचं तर चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ती आहे का?

धागाकर्ती: नाही हो, हे तर माहीतच नव्हतं! म्हणजे मे महिन्यातला मालही अडकला की. जाऊ म्हणतेय तोवर साधे पारदर्शक पाऊच घेऊ आणि नुसतं 'काजूगर' लिहू. पुण्याच्या ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या चव आवडली होती, फक्त खरं सांगा. पुढची ऑर्डर अर्ध्या किलोचीच दिलीये. नोंदणीचा फॉर्म कोणी स्वतः भरलाय का, सोबत कुठली कागदपत्रं जोडली?