काचेआडचे दागिने बारकाईने कसे पाहावेत? मदत हवी आहे

अठराव्या शतकातल्या दागिन्यांचं प्रदर्शन दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा जायचं आहे. त्या काळी हिरे चांदीच्या बंद कोंदणात बसवत आणि चकाकीसाठी मागे पातळ वर्ख घालत. आत ओल शिरली की वर्ख काळवंडतो. एका फुलाच्या ब्रोचमधला एकच हिरा शेजारच्यांपेक्षा राखाडी दिसत होता. त्याच्यासमोर अर्धा तास उभी राहिले, तरी दोष वर्खाचा की हिऱ्याचा ते कळेना.

दहापट भिंग नेलं होतं, पण ते जेमतेम अडीच सेंटिमीटरवरूनच स्पष्ट दाखवतं आणि दागिना काचेपासून वीतभर आत. मोबाईलने झूम केलं तर काचेवर माझंच प्रतिबिंब; दुसऱ्यांदा गडद कपडे घालून गेले तेव्हा ते जरा कमी झालं. टॉर्च, फ्लॅश, ट्रायपॉड चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता अर्ध्या मीटरवर फोकस होणारी छोटी दुर्बीण घ्यायचा विचार आहे. मला चष्मा आहे आणि हात थोडा थरथरतो. अशी दुर्बीण कुणी संग्रहालयात वापरली आहे का? साडेसहापट आणि साडेआठपट यांतली कोणती हातात स्थिर राहते, आणि तिच्यातून कोंदणाची कड खरंच दिसते का?